चौऱ्याहत्तराव्या वर्षी बायपास: आई-बाबांना पत्र

ति. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि रक्ताचे कागद मिळाले, नीट वाचले. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, आणि बाबा, तुम्हाला फोनवर अर्धं ऐकू येत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, मोठ्याने वाच. जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण कर. सर्जनकडे जाल तेव्हा तेच प्रश्न विचारायचे.

लोकमान्यनगरात सगळ्यांचा सल्ला एकच दिसतोय: "या वयात छाती कशाला उघडायची, स्टेंट टाका आणि मोकळे व्हा." पण निर्णय नुसत्या वयावर होत नाही, धमन्या कुठे आणि किती बंद आहेत त्यावर होतो. रिपोर्टात लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे डाव्या बाजूच्या मूळ धमनीत, ६० टक्के अडथळा आहे. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी, ९० टक्के बंद, उजवी धमनी पूर्ण बंद, आणि वर जुना मधुमेह. स्टेंट म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी; ती जिथे बसते तेवढीच जागा उघडते. मधुमेहात धमनी सबंध लांबीभर खराब होत जाते, त्यामुळे आज उघडलेल्या जागेच्या शेजारीच उद्या नवा अडथळा येऊ शकतो. बायपासमध्ये नवी नळी अडथळ्याच्या बरीच पुढे जोडतात. मागे नंतर काही साचलं तरी पुढचा रक्तपुरवठा चालू राहतो.

याची मोठी तपासणी फ्रीडम नावाच्या अभ्यासात झाली, २०१२ साली. एकाहून जास्त धमन्या खराब असलेले १९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांत १६.३ टक्के दगावले, बायपासवाल्यांत १०.९ टक्के. पण लकव्याचा झटका बायपासवाल्यांत जास्त: ५.२ टक्के, स्टेंटवाल्यांत २.४. हा दुसरा आकडा शेजारी कुणी सांगत नाही, आणि सर्जनही कधीकधी घाईत सांगत नाहीत. शिवाय त्या रुग्णांचं सरासरी वय ६३ च्या आसपास होतं आणि लेफ्ट मेनचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, म्हणून ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लावू नका.

तुमच्या वयाला जवळचा अभ्यास जर्मनीतला, २०१३ चा. ७५ आणि त्यापुढचे २५३९ रुग्ण. निम्म्यांचं ऑपरेशन हृदय चालू ठेवून, निम्म्यांचं पंपावर, म्हणजे रक्त फिरवायचं काम यंत्राकडे देऊन. पहिल्या ३० दिवसांत मृत्यू २.६ आणि २.८ टक्के, वर्षभरात ७ आणि ८ टक्के. म्हणजे 'बीटिंग हार्ट'च्या जाहिरातीवर भाळायचं कारण नाही. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे तीच करू द्या.

त्यापेक्षा हे विचारा: एलएडीला लिमा लावणार ना? लिमा म्हणजे छातीच्या आतली डावी धमनी. ती दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांत उघडी असते. पायातून काढलेल्या शिरा तोवर साधारण निम्म्या बंद पडतात. दुसरा प्रश्न: महाधमनीत कॅल्शियम किती आहे? ऑपरेशनमध्ये तिला चिमटा लावतात. भिंत चुन्यासारखी कडक असेल तर त्याचे कण सुटून मेंदूत जातात, आणि लकव्याचं हे एक मुख्य कारण. तसं असेल तर महाधमनीला हात न लावता आतल्या धमन्यांवरच काम भागवता येतं. मानेच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाला नसेल तर आधी करून घ्या.

आता तुमचे तीन कच्चे दुवे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर, ८.४ आहे. लेफ्ट मेन असताना ती खाली यायची तीन महिने वाट बघता येत नाही, पण ऑपरेशनच्या आगेमागे साखर १८० च्या आत ठेवावीच लागते, इन्सुलिनने. ती वर राहिली की छातीच्या हाडात पू होण्याचा धोका वाढतो. क्रिएटिनिन १.३ दिसायला किरकोळ, पण तुमच्या वयाला त्याचा अर्थ मूत्रपिंडं ५७-५८ टक्क्यांच्या आसपास चालतात. अँजिओच्या रंगाचाही त्यांच्यावर ताण येतो, म्हणून दुखणं स्थिर असेल तर अँजिओ आणि ऑपरेशनच्या मध्ये काही दिवस जाऊ देतात आणि क्रिएटिनिन पुन्हा बघतात. त्या दिवसांत गुडघ्यासाठी पेनकिलर अजिबात नको.

तिसरा दुवा कागदावर नाही: तुमची चाल. घरातल्या पॅसेजमध्ये खडूने पाच मीटर आखा. बाबांनी रेघेच्या दोन पावलं मागून, नेहमीच्या गतीने चालावं आणि दुसऱ्या रेघेच्या पुढे जाऊन थांबावं; आईने मधला वेळ मोबाइलवर मोजावा. तीनदा करा, सरासरी काढा. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर सर्जनला तो आकडा सांगा. सत्तरीपुढच्या रुग्णांत ही मंद चाल मोठ्या गुंतागुंतीचा अंदाज देते. माणूस आतून किती थकलाय ते कळतं. छातीत जरा जरी दाटलं तर लगेच थांबायचं. लेफ्ट मेन आहे, उगाच जोर काढायचा नाही.

गोळ्यांची यादी आई, तू कर, डब्यातल्या पाकिटांवरून बघून. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी बंद करतात, साखरेची डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी, कारण ती चालू राहिली तर साखर ठीक दिसूनही रक्तात आम्ल साचतं. अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. बंद करायची तारीख सर्जन देतील, आपण ठरवायची नाही. आणि बाबा रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात ते यादीत लिहायचंच, लाजायचं नाही. ती अचानक तुटली की आयसीयूत दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस बरळतो, नळ्या ओढतो. म्हाताऱ्या रुग्णांत असा भ्रम तसाही बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. चष्मा, कानाचं मशीन आणि काटे मोठे असलेलं घड्याळ सिस्टरकडे द्या; तारीख-वार आणि आपण कुठे आहोत ते भेटीच्या वेळी दर वेळी सांगा. हे गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी नाडी अनियमित पळायला लागली तर घाबरू नका, मोठ्या वयात तीन-चार जणांत एकाला होतं. औषधाने बहुतेकदा सुधारतं. तीन चेंडूंचं फुंकणीयंत्र देतील. नाव फुंकणी असलं तरी त्यात फुंकायचं नाही, आत ओढायचं: जागेपणी दर तासाला दहा वेळा, हळू. चेंडू वर तीन सेकंद टिकला पाहिजे. तिन्ही उडवायची शर्यत नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. खोकला दाबला तर कफ साठून न्यूमोनिया होतो.

घरी आल्यावरचे पहिले सहा ते आठ आठवडे सर्वांत नाजूक, कारण छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि पक्कं जुळायला साधारण तीन महिने लागतात. उठताना हातावर जोर द्यायचा नाही. पलंगावर आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि त्यांच्या वजनाने धड वर येऊ द्यायचं. खुर्चीतून उठताना कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, पुढे झुकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. आजपासूनच दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा हळूहळू करून बघा. आई, तू त्यांना काखेत हात घालून उचलायचं नाहीस, हा मोह सगळ्यांना होतो आणि त्यातूनच तारा ढिल्या होतात. कमरेला पंचा बांध आणि तो धर. दोन-तीन किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली तर नाहीच.

मागचा देशी संडास आता बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. इसबगोल पाणी कमी असेल तर उलट गच्च करतो, आणि तुम्हाला पाणी मोजून देतील; म्हणून मल पातळ करणारं औषध डिस्चार्जच्या कागदावर मागून घ्या.

रोज सकाळी, चहाआधी, त्याच कपड्यात वजन करा. एका दिवसात एक किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय, त्याच दिवशी फोन करा. ज्या पायातून शीर काढली तो काही आठवडे सुजतो, बसताना उंचावर ठेवावा. दुसरा पाय सुजला किंवा पोटरी दुखली तर मात्र दाखवायचं. खोकताना हाडात कटकट वाजणं, टाक्यांतून पाझर, १००.४ च्या वर ताप, आडवं पडलं की धाप: यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही.

जेवणाबद्दल बाबा आधीच कुरकुरतील. पोहे चालतील. त्यावरची शेव आणि जिरावण मसाला नाही, दोन्हीत मीठ भरपूर. पहिला महिना भूक मरते, तोंडाला चव नसते, तेव्हा पथ्यापेक्षा पोटात प्रथिनं जाणं महत्त्वाचं: मुगाचं वरण, दही, पनीर, थोडं थोडं पाच वेळा. मन उदास होतं, झोप उडते. ते स्वभाव बदलल्याचं लक्षण नाही. 'सानंद' संस्थेच्या नाटकाला दोन महिन्यांनी जा, कडेची खुर्ची घेऊन. भेटायला येणाऱ्यांना पहिले पंधरा दिवस आई, तू स्पष्ट नाही म्हण. मावशी रागावेल, रागावू दे.

पैशांचं: ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. बाबांचं कार्ड आधारवरून निघतं. रुग्णालय योजनेत आहे का, आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भरती होण्याआधी दोन्ही काउंटरवर विचारा.

तुमची,
मंजू

ता. क. अँजिओची सीडी परत मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं तर तो आधी चित्रच बघेल. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जुना असेल तर तोही नवा करून मागा. त्यात हृदयाचं पंपिंग ४५ टक्के लिहिलंय, ते कधीचं आहे त्यावर तारीख दिसत नाही.