गुणांक काढता येतो, आराखड्याचे काय?

महोदय,

मुलांची सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपांतर डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात केले. निदान या शहरात तरी विशेष शिक्षण व शालेय मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती नीट हाताळता यावी, ही कळकळीची अपेक्षा आहे.

श्रेणीत 89 बाबी आहेत आणि माहिती मुख्यतः पालकांकडून घ्यायची असते. ‘मूल स्वतः जेवते का?’ एवढेच विचारले की आई ‘हो’ म्हणते आणि खूण पडते. वरणभात कोण कालवून देते, घास सांडतो का, शर्टाची बटणे कोण लावते, हे खोदून विचारावे लागते. घाईच्या मुलाखतीत सामाजिक परिपक्वतेचा गुणांक फुगतो आणि मुलाची हक्काची मदत हुकते. बुद्धिमापनाच्या इंग्रजी सूचना ऐनवेळी मनाने मराठी-हिंदीत सांगितल्या, तर प्रत्येक मुलापुढे वेगळाच प्रश्न जातो. महाविद्यालयांतील विभागांनी दोन्ही भाषांतील सूचना आधीच छापून द्याव्यात.

याहून मोठी उणीव वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या शिकवण्याच्या योजनेत दिसते. ‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्टच नव्हे. ‘जोडाक्षरांच्या 10 पैकी 8 शब्द, मदतीशिवाय, सलग तीन दिवस’ असे लिहिले तरच प्रगती तपासता येते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अशी मुले सर्वसाधारण शाळेतही असतात; त्यामुळे विद्यार्थ्यांचा सराव केवळ विशेष शाळेत नको, सर्वसाधारण शाळेतही हवा. सुरुवातीच्या चाचण्यांना मार्गदर्शकाने शेजारी बसावे, विद्यार्थ्यांच्या जर्नलवर (प्रात्यक्षिक वहीवर) नुसती सही करू नये.

– एक विशेष शिक्षक, नागपूर