सोन्याला आयटीआयला जाऊ द्या

कोल्हापूर

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "दादाच्या सोन्याला मार्क चांगले पडलेत, त्याला आयटीआयला कशाला घालायचं?" ते मनातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

बाबा, मागचा एप्रिल आठवा. वेदगंगेवरची आपली पाण्याची मोटार जळाली. विजेच्या तीन फेजपैकी एक गेला होता, आणि अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारा स्टार्टरमधला प्रिव्हेंटर कुणीतरी बायपास करून ठेवलेला. मोटार दोन फेजवर ओढत राहिली आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, काळं पडलं. गारगोटीत रिवाइंडिंगवाल्याकडं आधीच रांग, आठ दिवस गेले. तुम्ही बांधावर बसून वाळणारी उसाची लागण बघत होता. गावात घरटी मोटार आहे, पण मेगर, म्हणजे इन्सुलेशन बघायचं यंत्र, लावून ती तपासणारा एक माणूस नाही. शिकलेली पोरं मात्र पारावर बसून भरतीच्या जाहिराती बघतात.

इकडं शिरोली, गोकुळ शिरगावला कारखान्यांच्या गेटवर फिटर, टर्नर, मोल्डर पाहिजेत म्हणून बोर्ड लागलेले असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बिहार-यूपीचे कामगार गावी गेले, तेव्हा फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साचे भरायला माणूस मिळेना. आपल्या पोरांना ते काम येत नव्हतं.

आयटीआयत सगळं चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही. आम्ही दहाजण एका मोटारीभोवती उभे राहायचो. जर्नल पूर्ण झालं, हात कोरेच राहिले. खरं काम शिकले ते पुढं अप्रेंटिसशिपच्या वर्षात. १९६१ च्या कायद्यानं मोठ्या कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतनही मिळतं. तिथल्या मिस्त्रींनी महिनाभर मला फक्त जळकं वाइंडिंग सोडायला लावलं. प्रत्येक कॉइलचे वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरनं बघायची, वहीत लिहायचं. मग नवी तार, खाचेत कागद घालून बोटांनी दाबत बसवायची. कुठं तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडला की सगळी मेहनत पाण्यात. माझी पहिली मोटार फिरली तेव्हा मी तिच्यावर तळहात ठेवून कितीतरी वेळ उभी होते.

आई, तेव्हा भावकीतल्या बायका तुला बोलल्या, पोरीच्या हातात पक्कड दिली म्हणून. तू काही न बोलता माझा ग्रीसनं माखलेला अ‍ॅप्रन धुऊन अंगणात सगळ्यांना दिसेल असा वाळत घातलास. मी ते विसरलेले नाही.

सोन्याला इलेक्ट्रिशियनला घालूया. दोन वर्षांचा ट्रेड आहे. पुढं शिकायचं म्हटलं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, वाट बंद होत नाही. आणि तो गावात परत आला, तर चार गावांच्या मोटारी त्याच्याकडं येतील.

शनिवारी येते. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कलिस्ट काढून ठेवा, फॉर्म मी भरते. नदीवरच्या खोलीची किल्लीही लागेल. नवा प्रिव्हेंटर घेतला आहे, तो जोडताना सोन्याला शेजारी उभं करणार आहे.

तुमची,
ताई