प्लास्टर काढलं, पुढे काय?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी परळला राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता रिटायर झालेय. माझा तेरा वर्षांचा नातू पावसात जिन्यावरून घसरला, पायाला सहा आठवडे प्लास्टर, आणि ते काढल्यावर बघतो तर डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच बारीक! शेजारच्या काकू म्हणाल्या शीर दाबली गेली असणार, त्याची आई तर रडायलाच लागली. शीरबीर काही दाबली नव्हती, पण दवाखान्यात प्लास्टर काढून क्रेप बँडेज दिलं आणि घरी पाठवलं, व्यायामाचं एक अक्षर कोणी बोललं नाही, म्हणून हे पत्र.

पोटरी बारीक झाली ती सहा आठवडे न वापरल्यामुळे, आणि स्नायूबरोबर आतल्या रक्तवाहिन्याही बदलतात. आपल्याला वाटतं रक्तवाहिनी म्हणजे पाण्याची पाइपलाइन. चाळीत पाणी कमी आलं म्हणून पाइप काही बारीक होत नाही, पण रक्तवाहिनी होते. तिच्या आतल्या पेशींना वाहत्या रक्ताचं घर्षण जाणवत असतं. स्नायू पडून राहिला की त्याला रक्त कमी लागतं, प्रवाह कमी होतो, घर्षणही कमी होतं, मग बारीक धमनी आधी नुसती आकसते, आणि हे बरेच दिवस चाललं तर तिची भिंतच त्या अरुंद मापावर नव्याने रचली जाते. व्यास निम्मा झाला की त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, म्हणजे थोडा फरकसुद्धा केवढा! थोमा नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात हे पाहून 1893 साली लिहून ठेवलंय, जिथे प्रवाह जास्त तिथे वाहिनी रुंद होते, कमी तिथे बारीक होते.

मोठ्या माणसात हे होतंच, पण वाढत्या मुलाचं वेगळं आहे. त्याचा स्नायू वाढतोय, त्याबरोबर धमन्याही रुंद व्हायच्या असतात, केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) वाढायच्या असतात. प्रवाह कमी पडला की ती वाढ मागे राहते. पण पाय वापरायला लागला की प्रवाह वाढतो, घर्षण वाढतं, स्नायूतून नवीन केशवाहिन्या फुटायचे निरोप जातात, म्हणून तर मला एवढं तळमळीने लिहावंसं वाटतं.

आणि शाळेचं काय, तर त्याला पूर्ण टर्म पीटीतून सुट्टी, बेंचवर बसून राहा म्हणे! बाकीच्या मुलांचाही पीटीचा तास गणिताला जातो ते वेगळंच. आम्ही शेवटी स्वतःच फिजिओथेरपिस्ट शोधली, तिने घोटा फिरवणं, भिंतीला धरून टाचा उचलणं असं हळूहळू सुरू केलं. (प्लास्टर असतानाच बोटं गार, निळसर पडली किंवा दुखणं असह्य झालं तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, तो प्रकार वेगळा आणि गंभीर असतो.)

प्लास्टर काढताना पालकांच्या हातात व्यायामाचा एक कागद मराठीत द्यावा, एवढीच डॉक्टरांना विनंती आहे, आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर कुणा फिजिओथेरपिस्टकडून सविस्तर लिहून घ्या ना.

– एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई