आयईएलटीएसवाल्यांची पाठ केलेली लायब्ररी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बेळगावात सध्या आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जायला द्यावी लागणाऱ्या इंग्लिशच्या परीक्षेच्या, क्लासांचं पेव फुटलंय, टिळकवाडीत तर एकाच बिल्डिंगवर वर-खाली दोन बोर्ड दिसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नर्सिंग झालेल्या मुली यूकेला निघाल्यात, इंजिनियर पोरं कॅनडा-ऑस्ट्रेलिया म्हणतायत, जाऊ देत की. मी रिटायर झाल्यापासून शहापूरला घरीच थोड्या पोरांकडून इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस करून घेते, मराठी मीडियमची असतात, कन्नड मीडियमचीही असतात, खानापूर, येळ्ळूर, काकती कुठून कुठून येतात, आणि त्यांच्यासोबत बसून जे दिसतंय ते एकदा लिहावं असं बरेच दिवस डोक्यात होतं. विषय तसा छोटाच, लायब्ररीचा.

होतं काय, की या परीक्षेत स्पीकिंगचा एक भाग असतो, 11 ते 14 मिनिटांचा, प्रश्न विचारायला खरा माणूस असतो आणि सगळं रेकॉर्ड होतं. पहिल्या 4-5 मिनिटांत ओळख, घर, शिक्षण आणि मग रोजच्यातले साधे विषय, त्यात लायब्ररी हा नेहमीचा. लायब्ररीला जातेस का, लहानपणी जायचीस का, तिथं जाऊन काय करतेस, अभ्यासाला घर बरं का लायब्ररी बरी. एवढंच असतं. आपल्या भाषेत विचारलं तर पोरगी थांबायचं नाव घेणार नाही, पण इंग्लिशमध्ये विचारलं की मान ताठ होते, नजर भिंतीवर जाते आणि कुणीतरी बटण दाबल्यासारखं सुरू होतं, "येस, आय व्हिजिट द लायब्ररी ऑन अ रेग्युलर बेसिस, बिकॉज बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स अँड दे ब्रॉडन अवर होरायझन्स."

कुठल्या क्लासचं हे मी विचारत पण नाही, सगळीकडची झेरॉक्स सारखीच. मी आपलं पुढचं विचारते, मग गेल्या वेळी कुठलं पुस्तक आणलंस गं? गप्प. बरं, लायब्ररी कुठली? परत गप्प. आणि मग मराठीत हळूच, "टीचर, मी जात नाही की लायब्ररीला, सरांनी असंच पाठ करा म्हटलंय."

आता क्लासवाले म्हणतील, खरं-खोटं कोण तपासतंय? बरोबर आहे, कुणीच तपासत नाही. मार्क चार गोष्टींना असतात, न अडखळता आणि धरून बोलणं, शब्द, व्याकरण आणि उच्चार, चारींना सारखं वजन, खरेपणाला त्यात एकही मार्क नाही. पण घोळ दुसरीकडेच आहे. परीक्षा घेणाऱ्याला पाठांतर ओळखायचं ट्रेनिंग असतं, आणि ट्रेनिंग नसलं तरी दिवसभर तीच वाक्यं ऐकून माणसाला कळायचं ते कळतंच की. तो लगेच "का?" म्हणतो. "बेस्ट फ्रेंड्स"नंतर "का" आलं की झेरॉक्समध्ये काही लिहिलेलं नसतं, आणि इथं बँड, म्हणजे या परीक्षेतले मार्क, घसरतो. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला स्पीकिंगमध्ये 7 लागतात, 6.5 आले तर ती मुलगी परत फी भरणार, म्हणजे पंधरा हजाराच्या वरचा खड्डा, आणि खेड्यातल्या घरात तो कुणाच्या पगारातून किंवा कुठलं सोनं ठेवून भरतात ते मला माहीत आहे.

गंमत म्हणजे "नाही, मी लायब्ररीला जात नाही" हे पूर्णपणे चालणारं उत्तर आहे. नाही जात, कारण आमच्या गावातली दुपारी बंद असते आणि मी घरी येईपर्यंत संध्याकाळ होते, मग मी मोबाईलवर वाचते. झालं! साधी तीन-चार वाक्यं, पण स्वतःची, आणि पुढचा कुठलाही "का" आला तरी उत्तर पोटात आहेच. हे सांगितलं तरी पोरांना पटत नाही, त्यांना वाटतं नाही म्हटलं की साहेबाला राग येईल. इतकी वर्षं शाळेत आपणच शिकवलंय ना, मोठ्या माणसानं विचारलं की होय म्हणायचं.

आणि पोरं लायब्ररीला जात नाहीत असंही नाही हो. जातात, खच्चून जातात, पण पुस्तकाला नाही. रीडिंग रूममध्ये सकाळी जाऊन बॅग ठेवून जागा धरायची, पंख्याखालची किंवा चार्जिंग पॉइंटजवळची, स्वतःची एफडीएची (सरकारी क्लार्कच्या परीक्षेची) नाहीतर पोलीस भरतीची गाईडं स्वतःच आणायची, पाण्याची बाटली, डबा, मध्येच खाली जाऊन चहा, आणि संध्याकाळपर्यंत कपाटातल्या एका पुस्तकाला हात नाही. पलीकडच्या टेबलावर पेन्शनर मंडळी पेपरची पानं वाटून घेऊन बसलेली, आतलं पान एकाकडे, क्रीडा पान दुसऱ्याकडे, अग्रलेखवाल्याला अग्रलेख संपवायला अर्धा तास लागतो आणि तोवर बाकीचे घसा खाकरत असतात. मुली सात वाजले की उठतात कारण घरून फोन. ही आपल्याकडची लायब्ररीची सवय आहे, आणि "तुमच्या गावात लोक लायब्ररीत काय करतात?" या प्रश्नाला याच्याइतकं भारी उत्तर कुठल्या झेरॉक्समध्ये मिळणार? माझ्याकडच्या एकाला मी हे असंच सांगायला लावलं, तुटक्या इंग्लिशमध्ये सांगितलं त्यानं, घसा खाकरणं तर करूनच दाखवलं, पण अडला नाही कुठं.

दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. तुम्ही गेलेल्या लायब्ररीबद्दल सांगा, किंवा वाचायला आवडणाऱ्या जागेबद्दल, असलं काहीतरी. इथं पोरं फॉरेनची लायब्ररी रंगवतात, काचेची बिल्डिंग, एसी, कॅफे, जी त्यांनी फक्त यूट्यूबवर बघितलीय. अरे, तुमच्या गावात दीडशे वर्षं ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय आहे! इंदिरा संत याच गावात राहिल्या, पु. ल. इथं कॉलेजात शिकवून गेले, उचगाव, कडोली, येळ्ळूरला आपले शेतकरी लोक वर्गणी काढून साहित्य संमेलन भरवतात, यातलं एक टक्का जरी सांगितलं तरी दोन मिनिटं पुरायची नाहीत. मला विचाराल तर मी दिवाळी अंक सांगायला लावते. 1909 मध्ये मनोरंजन मासिकानं सुरू केलेली ही पद्धत, दरवर्षी दिवाळीला शेकड्यानं अंक निघतात, सगळे विकत घेणं कुणाला परवडणार, म्हणून वाचनालयं वेगळी वर्गणी घेऊन ते फिरवतात, आणि मग चांगला अंक आधी कुणी न्यायचा यावरून काउंटरवर शाब्दिक चकमकी, नेलेला अंक शेजारीण परस्पर वाचायला घेऊन जाते, परत येतो तेव्हा कव्हरवर हळदीचं बोट. एवढं सांगायला अवघड शब्द एकही लागत नाही, आणि ऐकणाऱ्यानं हे आधी ऐकलेलं नसणार हे नक्की.

तिसऱ्या भागात मात्र जरा चर्चा असते, इंटरनेट आल्यावर लायब्ऱ्या राहतील का, सरकारनं त्यांच्यावर पैसे घालावेत का. इथं तर पोरं सरळ हात वर करतात. आता बघा, कर्नाटकात 1965 चा ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली आपण घरपट्टीवर 6 टक्के ग्रंथालय सेस, म्हणजे जादा कर, भरतो, पावतीवर बघा, लिहिलेलं असतं. तिकडं महाराष्ट्रात कायदा 1967 चा, पण असा सेस नाही, तिथं संस्थांच्या वाचनालयांना सरकार अनुदान देतं. म्हणजे तिकडं महाराष्ट्रातल्या चंदगडचा पोरगा आणि आपल्याकडच्या खानापूरचा पोरगा, मध्ये फक्त एक हद्द, पण लायब्ररीचा पैसा कुठून येतो याचं उत्तर दोघांचं वेगळं. सीमाभागात राहून आपल्याला आयताच मिळालेला मुद्दा आहे हा, बाकी सीमेनं आपल्याला काय दिलं तो विषय आज नको. माझ्याकडे एका मुलीनं वडिलांना घरपट्टीची पावती काढायला लावली, त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणाले एवढी वर्षं भरालोय आणि लायब्ररीची पायरी चढलो नाही, आता जाऊन बसतो की.

तेव्हा क्लासवाल्या सरांना आणि मॅडमना एवढंच म्हणणं आहे, की लायब्ररीवरची झेरॉक्स देण्याऐवजी एका रविवारी बॅच घेऊन एखाद्या वाचनालयात जा. तास-दीड तास बसू दे पोरांना, ग्रंथपालांशी बोलू दे, रजिस्टर कसं भरतात, अनामत किती, पुस्तक उशिरा दिलं तर दंड कसा ते विचारू दे, आणि बाहेर आल्यावर तिथंच पायऱ्यांवर तेच प्रश्न इंग्लिशमध्ये विचारा. चुका होतील, होऊ देत, क्रियापद चुकलं तर दुरुस्त करता येतं, पाठ केलेलं दुरुस्त करता येत नाही.

वाचनालयांच्या मंडळींनाही एक विनंती आहे. पोरांची अनामत कमी करा, किंवा कॉलेजचं आयडी बघून तीन महिन्यांपुरतं कार्ड द्या, कारण परीक्षा देऊन बाहेर जाणारी पोरं वर्षाची वर्गणी भरत नाहीत आणि तुम्हीही तीन महिन्याची घेत नाही, मग दोघांचं अडतं. आणि खेड्यातल्या ग्रामपंचायतीच्या लायब्ऱ्या, ज्यांना आता अरिवु केंद्र म्हणतात, त्या कॉलेज सुटायच्या आधीच बंद होत असतील तर त्यांच्या वेळेबद्दल ग्रामपंचायतीत कुणीतरी विषय काढायला हवा. सकाळी अकराला खेड्यात तिथं बसायला मोकळं कोण असतं? संध्याकाळी पाच ते आठ उघडी ठेवली तर नर्सिंगच्या मुली बसमधून उतरल्या की तिकडंच जातील, घरचेही गावातच आहे म्हणून नाही म्हणणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव