पाडायच्या आधी खोलीचं माप घे

सातारा, रविवार

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन झाला आणि तेव्हापासून डोक्यात तोच पॅसेज फिरतोय. आपली बीडीडी चाळ पाडून टॉवर बांधणार, त्यासाठी बिल्डिंग रिकामी करायची नोटीस आली म्हणालास, मी लगेच अभिनंदन केलं आणि ते अगदी मनापासून होतं, 160 स्क्वेअर फुटातून 500 मधे जाणार तुम्ही, तुझ्या आईला, आपल्या मावशीला, या वयात रात्रीचं उठून पॅसेजच्या टोकाला संडासला जावं लागणार नाही, अजून काय पाहिजे. 2025 च्या ऑगस्टमधे वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या 556 जणांना नव्या चाळीस मजली टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हाच मी घरात म्हणलेलो, आता आपल्या मावशीचा नंबर कधी लागतो बघू.

पण एक काम सांगायचं राहून गेलं. खोली सोडायच्या आधी तिचं नीट माप घे. फोटो नको म्हणत नाही मी, फोटो तर सगळेच काढतील, पण फोटोवरून भिंत किती जाड होती ते कळत नाही रे.

तुला आठवतं का, लहानपणी आपल्याला बीडीडी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आपल्याला वाटायचं कुणा माणसाचं नाव असेल. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. 1920 साली गव्हर्नर लॉइडच्या काळात काढलेलं खातं, बॅकबेला समुद्रात भर टाकायचं काम पण यांच्याकडेच होतं. आणि पैसा कुठून आणला तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागं एक रुपया कर लावून. म्हणजे जो कापूस पुढं आपले बाप गिरणीत पिंजत होते तसल्याच कापसाच्या कराची भर आपल्या भिंतींत पडलेली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ नुसता बसून राहिलो. 50 हजार खोल्या बांधायच्या ठरलेल्या, पण झाल्या 207 चाळी, वरळीला 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12. तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. आणि सुरुवातीला वरळीच्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्याच पडून होत्या, गिरण्यांपासून लांब म्हणून लोक जाईनात!

बांधकाम म्हणशील तर आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, त्या काळात मुंबईत हे नवीनच होतं. गिरगावातल्या जुन्या चाळी बघ, सागवानी खांब, बाहेरून लाकडी गॅलरी, मधे चौक, आमच्या साताऱ्यातल्या वाड्यांशी नातं सांगणाऱ्या. आपल्याकडं गॅलरी नाहीच. मधून पॅसेज, अलीकडं दहा दारं पलीकडं दहा दारं, उजेड यायचा तो फक्त टोकांनी आणि जिन्यातून. मी ड्राफ्ट्समन झाल्यावर पहिल्यांदा त्याचा प्लॅन काढून बघितला आणि मला रागच आला, माणसं राहायला नाही तर मोजून ठेवायला केलेली इमारत आहे ही. एका खोलीला एकाच बाजूला खिडकी, मग वारा आरपार जाणार कसा? तर समोरासमोरची दोन्ही दारं उघडी असतील तरच. तुमच्या खिडकीतून आत, पॅसेज ओलांडून, आमच्या खिडकीतून बाहेर. लोक म्हणतात चाळीत माणुसकी होती म्हणून दारं उघडी असायची, होतीच माणुसकी, पण मे महिन्यात दार लावून बसलं तर जीव घुसमटायचा हे पण तितकंच खरं. तुझ्या आईची आणि माझ्या आईची मैत्री त्या वाऱ्यामुळं झाली असं मला खरंच वाटतं.

आणि आमची खोली तर मूळची गाववाल्यांची, बाबा आले तेव्हा बारा माणसं एका खोलीत, बारा ट्रंका, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून एकाच वळकटीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपायचा. जेवण मावशीच्या खानावळीत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा, पुढं बाबा आम्हाला घेऊन एसटीनं इकडं आले ते कायमचेच. खोली गेली. तिचं माप माझ्याकडं नाही, म्हणून तुझ्या मागं लागलोय.

इथं प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमधे 1914 नंबरला भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे, 7 नोव्हेंबर 1900 ची. पुढं हेच बाबासाहेब 1912 पासून 1934 पर्यंत परळच्या बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहिले, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत, एकीत घरची माणसं, दुसरीत पुस्तकं आणि भेटायला येणारे लोक. कुणीतरी ते रजिस्टर फेकून दिलं नाही म्हणून आज आम्ही पोरांना बोट ठेवून दाखवू शकतो. आपल्या ऐंशी खोल्यांचं असं काय आहे? भाडेपावत्या, बास.

तर खोलीची लांबी रुंदी, स्लॅबची उंची, भिंतीची जाडी, दाराची चौकट, खिडकी जमिनीपासून किती वर, मोरीचा कट्टा, पोटमाळा कुठून कुठपर्यंत, सगळं इंचात लिही. पॅसेजची रुंदी विसरू नको, ती सगळ्यात महत्त्वाची. मावशीला विचार खानावळीची पंगत कुठल्या भिंतीला बसायची, एका वेळी किती जण, आणि ती चूल की स्टोव्ह कुठं होता, त्यावर खूण कर. जमलं तर जिन्याच्या पायऱ्या मोज, मला सतरा आठवतात पण खात्री नाही.

मला कच्चं पाठव, मी इथं स्केलमधे काढतो. किंवा असं कर, तारीख कळव, मी रजा टाकून येतो, टेप माझ्याकडं आहे पंधरा मीटरचा. मावशीला कंदी पेढे आणतो. तिला म्हणावं कपाट अजून हलवू नका, त्याच्यामागच्या भिंतीवर आपली उंची पेन्सिलीनं लिहिलेली आहे, ती पण घ्यायचीय.

तुझाच,
समोरच्या खोलीतला