वाकवल्याच्या कारणावरून वॉरंटी नाकारलेल्या लवचीक केबलबाबत तक्रार

दांडिया बाजार, वडोदरा
दि. १७ जून २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : चार्जिंग व डेटा केबलची वॉरंटी नाकारणे आणि खोक्यावरील चुकीची माहिती
संदर्भ : आपले दि. ९ जूनचे ईमेल उत्तर

महोदय,

दि. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी रावपुऱ्यातील एका दुकानातून मी आपल्या कंपनीची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली दीड मीटर लांबीची केबल ७९९ रुपयांना विकत घेतली. खोक्यावर ‘अतिलवचीक’, ‘१५,००० वेळा वाकवून तपासलेली’, ‘१०० वॉट’, ‘हायस्पीड डेटा’ आणि ‘एक वर्षाची वॉरंटी’ असे छापलेले आहे. २७ मे रोजी, म्हणजे चार महिनेही पुरे होण्याआधी, ती निकामी झाली. आपण ‘वापरताना वाकवल्यामुळे झालेले भौतिक नुकसान वॉरंटीत येत नाही’ असे कळवून ती परत पाठवलीत. जी वस्तू वाकते म्हणून विकली, ती वाकवली हाच ग्राहकाचा दोष कसा ठरतो, एवढे या पत्राचे मुख्य म्हणणे आहे.

केबल घेताना मी घाई केली नव्हती. निवृत्तीपूर्वी मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, त्यामुळे तारा कुठे आणि कशा तुटतात याचा थोडाफार अनुभव आहे. घरातील जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे मी मोबाइलवर काढते आणि रोज संध्याकाळी ती हार्ड डिस्कवर उतरवून घेते. म्हणून नुसते चार्जिंग करणारी नव्हे, तर डेटा नेणारी, टेबलाच्या कडेवरून सहज वळणारी आणि टिकाऊ केबल मला हवी होती. दुकानदार म्हणाला, ‘बेन, आ तो तूटे ज नहि.’ त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. खोक्यावर जे छापले होते तेच त्याने सांगितले.

बिघाडाचा क्रम मुद्दाम लिहिते, कारण आपल्या दूरध्वनी प्रतिनिधीने तो समजून घेतला नाही. मेच्या मध्यापासून फायली उतरत असताना मोबाइलचा संपर्क अधूनमधून तुटू लागला, केबल एका बाजूला धरली की पुन्हा जुळे, चार्जिंग मात्र व्यवस्थित चालू असे. ‘चार्जिंग होते आहे म्हणजे केबल चांगली आहे,’ असे मला सांगण्यात आले. वस्तुतः वीज नेणाऱ्या लाल व काळ्या तारा जाड असतात आणि डेटा नेणाऱ्या हिरव्या व पांढऱ्या तारा बारीक. त्यामुळे बारीक तार आधी तुटते आणि चार्जिंग मागे चालूच राहते. पुढे दहा-बारा दिवसांत चार्जिंगही थांबले.

आपण केबल परत पाठवल्यानंतरच मी तिचे बिघडलेले टोक कापून पाहिले. कापण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत आणि दुसरे टोक जसेच्या तसे ठेवले आहे. टोकाशी असलेल्या कॉलरपासून (प्लग आणि केबल यांच्या सांध्यावरील आवरणापासून) दोन-तीन मिलिमीटर अंतरावर हिरव्या तारेचे सर्व तंतू तुटलेले आहेत, लाल तारेचेही बहुतेक तुटले आहेत, आणि उरलेली केबल मात्र नव्यासारखी आहे. म्हणजे केबल सगळीकडे वाकली, पण तुटली एकाच जागी. याचे कारण ती कॉलर. तिचे काम वाक हळूहळू पसरवण्याचे असते, म्हणून ती टोकाकडून केबलकडे निमुळती आणि नरम होत गेली पाहिजे. आपली कॉलर जाड, ताठ आणि एकदम संपणारी आहे. साहजिकच सगळा वाक तिच्या कडेवर एकवटतो. केबल जितकी मऊ, तितका हा कडेचा ताण अधिक जाणवतो. वरचे नायलॉनचे विणकाम दिसायला मजबूत आहे, घासण्यापासून ते संरक्षणही देते, पण आतल्या तांब्याच्या तंतूंवरचा ताण ते कमी करत नाही. हा रचनेतला दोष आहे, वापरातला नव्हे. दिवसाला दहा वाक धरले तरी १०८ दिवसांत जेमतेम ११०० होतात. पंधरा हजारांची चाचणी किती अंशांत, किती वजन टांगून आणि केबलच्या कोणत्या भागावर घेतली, हे खोक्यावर कुठेही नाही.

१०० वॉटचा दावाही खरा नाही. २० व्होल्टवर १०० वॉट म्हणजे ५ अँपिअर, आणि ३ अँपिअरच्या वर प्रवाह देण्यापूर्वी चार्जर केबलमधील ओळखचिप, म्हणजे केबल किती प्रवाह झेलते हे त्याला सांगणारी चिप, तपासतो. ती नसल्यास तो ३ अँपिअरवर, म्हणजे ६० वॉटवर थांबतो. मार्चमध्ये, केबल चांगली असताना, माझ्या ६५ वॉटच्या चार्जरवर मीटर लावून पाहिले, तेव्हा ती ३ अँपिअरच्या पुढे एकदाही गेली नाही. त्याच चार्जरवर घरातील दुसरी केबल सव्वातीन अँपिअर देते. ‘हायस्पीड डेटा’ म्हणजे प्रत्यक्षात यूएसबी २.० या जुन्या मानकाचा वेग, सेकंदाला ४८० मेगाबिट. ६४ गिगाबाइट छायाचित्रे उतरायला अर्धा तास लागत असे. याबद्दल मी अडून बसणार नाही, कारण वेगवान केबलमध्ये तारांच्या जोड्या अधिक असतात आणि ती जाड व ताठ होते. लवचिकपणासाठी मी ४८० मेगाबिट जाणूनबुजून पत्करले असते. पण तो आकडा छापलेला हवा होता, म्हणजे निवड माझी राहिली असती.

तरी या पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत ७९९ रुपये परत करावेत. त्याच प्रकारची बदली केबल मला नको, कारण कॉलर तीच असेल. तसेच खोक्यावर अँपिअर आणि डेटाचा वेग आकड्यांत छापावा, आणि ‘वाकवल्यामुळे झालेले नुकसान’ ही अट निदान ‘अतिलवचीक’ म्हणून विकलेल्या मालावरून काढून टाकावी. समाधानकारक उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सदोष माल व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर दाद मागेन. या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येत असल्याने आपल्या मुख्यालयाच्या गावी येण्याची मला गरज नाही.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्याची सहा छायाचित्रे, कापलेल्या टोकाची चार छायाचित्रे, मीटरच्या नोंदींचे एक पान