दूध न देणाऱ्या जनावराला दवाखाना नाही का? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवते. आमची कुत्री चिंगी गेल्या आठवड्यात गेली. तिच्या गर्भपिशवीत पू झाला होता. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या कुत्र्यांना हा आजार नेहमी होतो आणि वेळेत पोट उघडून पिशवी काढली तर बहुतेक वाचतात. चिंगीची पिशवी काढायची सोय तालुक्यात नव्हती. शहरात जो आकडा सांगितला तो उभा करेपर्यंत विष तिच्या अंगभर पसरलं होतं.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मागण्याच आधी लिहिणार होते. पण मागण्या आधी लिहिल्या की कागद फायलीला लागतो आणि जनावर कसं मेलं ते कुणी वाचत नाही. आधी ते वाचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पशुआरोग्य शिबिर झालं. मंडपात एका लोकप्रतिनिधींनी माईकवरून सांगितलं, की वर्षभरात इथल्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन येईल आणि कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीचा वार ठरेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नंतर जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा उत्तर एकच, 'प्रस्ताव वर गेलाय.' तोवर चिंगी सहा-सहा महिन्यांनी माजावर यायची, गिरणीच्या दारात दहा कुत्री गोळा व्हायची, दळण घेऊन येणाऱ्या बायकापोरांना आत शिरता यायचं नाही. मग गावातल्या एकाने माज थांबवायचं इंजेक्शन दिलं. स्वस्त होतं. ऑपरेशन मिळत नाही तिथे हेच मिळतं, गावोगाव हेच देतात. त्या संप्रेरकाच्या इंजेक्शनाने पुढे पिशवीत पू होण्याचा धोका वाढतो, हे मला शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, चिंगी टेबलावर आडवी असताना.

तिने खाणं सोडलं, पाणी मात्र घागरभर पिऊ लागली, पोट फुगलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस आहेत. त्यांनी ताप पाहिला, हात लावताच ओळखलं, अँटिबायोटिक टोचलं आणि म्हणाले, 'ताई, पुढं न्या. इथं भूल द्यायची सोय नाही, टाके घातल्यावर रात्री बघायला माणूस नाही.' त्यांच्यावर माझा राग नाही. लसीकरण त्यांनी करायचं, कृत्रिम रेतन त्यांनी करायचं, कानाला बारा अंकी बिल्ले त्यांनी मारायचे, विम्यासाठी मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन त्यांनीच करायचं. साडेपाच वर्षं शिकून आलेला माणूस, शस्त्रक्रिया शिकून आलेला, आणि खातं त्याच्या हातात फक्त रजिस्टर देतं.

शहरातल्या खासगी दवाखान्यात रक्त, सोनोग्राफी, ऑपरेशन, सलाईन, मुक्काम मिळून पस्तीस हजार सांगितले. निम्मे आधी. दुसरीकडे फोन केला तर बावीस हजार. एकाच कुत्रीचं एकच ऑपरेशन, तेरा हजारांचा फरक कशाचा, हे मला कुणी सांगू शकलं नाही, कारण सांगण्याची सक्तीच कुणावर नाही. माणसांच्या खासगी रुग्णालयांना २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक लावावं लागतं, रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. जनावराच्या दवाखान्याच्या भिंतीवर मला कंपन्यांची कॅलेंडरं दिसली. ते डॉक्टर चोर आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचं मशीन कर्जावर असेल, जागेचं भाडं असेल. पण शेजारी सरकारी टेबल असतं तर त्यांनाही दर सांभाळून लावावा लागला असता.

पतसंस्थेत गेले. म्हशीसाठी कर्ज मिळतं, शेळीसाठी मिळतं. कर्जाच्या कारणापुढे मी 'कुत्रीचं ऑपरेशन' लिहिलं तेव्हा तिथल्या माणसाने पेन खाली ठेवलं. शेवटी सोनं गहाण टाकलं. पैसे हातात आले, गाडी केली, शहर गाठलं. उशीर झाला होता.

आता सगळे एकच विचारतात. दिराने विचारलं, गिऱ्हाइकांनी विचारलं, पतसंस्थेत विचारलं: कुत्र्यासाठी एवढा खर्च परवडतो का? पस्तीस हजारांत किती कुत्री येतील? गावठी कुत्री तर फुकट मिळते. मी उत्तर देते. नवरा गेल्यावर गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी राहतो. आठ वर्षं रात्री आमच्या दाराशी चिंगी बसत होती. मुलगी शहरातून फार्मसीचं कॉलेज करून शेवटच्या एसटीने यायची तेव्हा स्टँडपासून घरापर्यंत तिच्याबरोबर चिंगी चालायची. याचा हिशेब लिटरमध्ये लावता येत नाही म्हणून तो शून्य होत नाही.

प्रत्येक उपचार करावाच असंही मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या कुत्र्याला कॅन्सर झालाय आणि त्याला महिनाभर जास्त जगवण्यासाठी घर गहाण टाकायचं, हे मला पटत नाही. तिथे जनावराला वेदनेतून सोडवावं, आणि ते शांतपणे सोडवायलाही डॉक्टर लागतो. पण जो आजार नसबंदीने झालाच नसता, आणि झाल्यावर एका ऑपरेशनने बरा होतो, तिथे खर्च परवडतो का हा प्रश्न मला विचारू नका, आपल्या खात्याला विचारा. वेळेवर नसबंदी झाली असती तर या पस्तीस हजारांचा विषयच निघाला नसता. स्वस्त काम सरकारने केलं नाही म्हणून महाग काम माझ्या गळ्यात आलं.

कायदा काय म्हणतो ते मी मुलीकडून वाचून घेतलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. कलम ३ प्रमाणे जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ नये म्हणून शक्य ते सगळं करायचं. राज्यघटनेच्या कलम ५१-अ प्रमाणे प्राणिमात्रांबद्दल दया हे माझं मूलभूत कर्तव्य. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळलेल्या जनावराची लस, जंताचं औषध, नसबंदी ही मालकाची जबाबदारी. मोकाट कुत्र्यांची नसबंदी त्याच नियमांत स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकलीय. गाय-म्हैस आपल्या खात्याची. श्रीमंताच्या कुत्र्याला शहरातला एसी दवाखाना आहे. गळ्यात पट्टा असलेली, गरिबाच्या दारातली कुत्री कुणाची?

आणि त्याच १९६० च्या कायद्यात, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा जागी जनावर सोडून दिलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. चिंगीला मी हायवेला नेऊन सोडली असती तर जास्तीत जास्त ५० रुपये. सांभाळली तर पस्तीस हजार. लोकांनी काय करावं असं सरकारला वाटतं? २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीवर मोकाट कुत्री निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला दिल्लीच्या कुत्र्यांवर एकदा आदेश काढावा लागला आणि अकरा दिवसांत तो बदलावा लागला. देशभर भांडणं झाली, टीव्हीवर आरडाओरड झाली. ही कुत्री आली कुठून, यावर मात्र कुणी बोललं नाही. आजारी पडलं म्हणून, पिल्लं घातली म्हणून, खर्च झेपेना म्हणून किती सोडलेली असतात ते आमच्या बाजारतळावर येऊन बघा. गळ्यात पट्ट्याचा घट्टा असतो.

खात्याला जमत नाही असंही नाही. २०२२ ला लम्पी आला तेव्हा याच खात्याने गावोगाव फुकट लस टोचली. मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार मदत दिली. माझ्या भावाचा बैल गेला होता. ती मदत मिळाली नसती तर तो उभा राहिला नसता, आणि त्यातला एक रुपयाही कमी करा असं मी म्हणणार नाही. मनात आलं की खातं काय करू शकतं हे मी पाहिलंय, म्हणूनच जास्त चीड येते. १९६२ या नंबरवर फोन केला की येणारी, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी निघाली. केंद्राने ती एक लाख पशुधनामागे एक अशी ठरवली आणि पशुधनात कुत्रं मोजत नाहीत, पशुगणनेत त्याचा रकाना वेगळा. ज्याची गणतीच नाही त्याच्यासाठी गाडीत औषध कोण ठेवणार?

मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली लहान प्राण्यांचा पाच मजली दवाखाना झाला. टाटांच्या ट्रस्टने १६५ कोटी घातले, जागा महापालिकेची. फार चांगलं झालं. परळला तर १८८६ पासून पशुवैद्यकाचं कॉलेज आहे. नागपूर, परभणी, उदगीर, अकोला, शिरवळ इथेही सरकारी कॉलेजं आहेत. पण सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर आहे. पू झालेली कुत्री चारशे किलोमीटर जगत नाही.

दवाखाना परवडत नाही तेव्हा लोक काय करतात तेही सांगते, कारण मुलीने कॉलेजच्या सुट्टीत औषधाच्या दुकानात काम केलंय. लोक येतात आणि मांजराला ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल नेतात. मांजराच्या शरीराला ते पचत नाही, एका गोळीने मांजर मरू शकतं. कुत्रा लंगडतोय म्हणून आयब्युप्रोफेन नेतात आणि त्याने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड जातं. ही माणसं निर्दय नाहीत. निर्दय असती तर खिशातले पैसे घालून औषध नेलंच नसतं. केंद्राने मार्च २०२५ मध्ये पशुरोग नियंत्रणाच्या ३,८८० कोटींच्या योजनेत स्वस्त पशुऔषधांसाठी ७५ कोटी ठेवले. त्या दुकानांत कुत्र्या-मांजरांची औषधं असणार का, आणि आमच्या तालुक्यात ते दुकान कधी येणार, हे मला कळायला हवं.

ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांनीही ऐकावं. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा असा कार्यक्रम देशाने २०२१ ला जाहीर केला. त्यासाठी ७० टक्के कुत्र्यांना लस हवी. कुत्रं घेऊन आलेल्या बाईला दवाखान्याच्या दारातच 'आम्ही जनावरं बघतो' असं ऐकायला लागलं, तर ती लसीला परत येणार नाही. आमच्या आळीत बऱ्याच जणी तशाच परत गेल्या आहेत.

'पुढं न्या.' हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले नाहीत. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ग्रामीण रुग्णालयात हेच म्हणाले, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणीही हेच म्हणाले. तो रस्त्यात गेला. माणूस असो की कुत्रं, गरिबाचं दुखणं या राज्यात कुठेच थांबवून बघितलं जात नाही, पुढच्या गाडीत घातलं जातं. इमारती होतात, कोनशिला बसतात, नावं कोरली जातात आणि आत भूल देणारा माणूस नसतो. आम्ही मतं देतो ती काय कोनशिलेला? मला माहीत आहे, आपण म्हणाल की माणसांचं खातं माझं नाही. कुत्र्याचं तरी आहे ना? मग ते तरी करा.

प्रत्येक तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात महिन्यातले दोन दिवस कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीला द्या. तालुक्याला डॉक्टर कमी असतील तर कॉलेजांतले शिकणारे विद्यार्थी त्यांच्या प्राध्यापकांबरोबर पाठवा, त्यांचाही हात बसेल. फुकट नको, आम्ही पाचशे-हजार देऊ, पावती द्या. भुलीचं, सलाईनचं आणि निर्जंतुकीकरणाचं सामान आधी पाठवा, रंगरंगोटी नंतर केली तरी चालेल. खासगी दवाखान्यांना दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगा. माज थांबवायचं इंजेक्शन ज्याच्याकडे पदवी नाही तो देत असेल तर त्याच्यावर कारवाई करा, पण त्याच दिवशी ऑपरेशनची सोयही सुरू करा, नाहीतर लोक लपून घेतील.

आमच्या शेजारणीची कुत्री या महिन्यात माजावर येऊन गेलीय. इंजेक्शन देऊ नकोस म्हणून मी तिला सांगितलं. तिने विचारलं, मग ऑपरेशन कुठं करू? ती धुणीभांडी करते, बावीस हजार तिने एकदम कधी पाहिलेले नाहीत. तिला काय सांगू ते लेखी कळवा, जागेचं नाव आणि तारीख घालून.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातील एक गिरणीचालक